समाजमंदिरामागचं घर

न्हावी गेला, श्रेयाचा मामा जेवून चितेगावला परतला, जावळाचे केस नव्या फडक्यात बांधून देवापुढं ठेवून झाले. सात महिन्यांच्या त्या पोरीचं गुळगुळीत डोकं पाहून घरातलं प्रत्येक माणूस एकेकदा हसलं. गीताबाईही हसल्या. पण ताटातली पुरणपोळी त्यांनी चिवडून चिवडून तशीच ठेवली होती.

कारण उद्या सोमवार होता आणि त्या सोमवाराविषयी अजून कुणी तोंड उघडलं नव्हतं.

हे घर चिकलठाण्यात, थोरल्या मुलाचं, सत्यमचं. त्याची बायको, श्रेयाची आई प्रेरणा तिथल्याच एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या खात्यात होती. बाळंतपणाची रजा संपली, वर महिनाभराची बिनपगारी रजाही संपली. उद्या सकाळी साडेआठला हजर झाली नाही तर तिच्या जागी दुसरी मुलगी घेतील, असं साहेबानं फोनवर फार गोड आवाजात सांगितलं होतं. कारखान्यात पाळणाघर होतं, पण ते कागदावर. जालना रोडवरचं पाळणाघर दीड वर्षाच्या आतलं मूल घेत नव्हतं. प्रेरणाची आई स्वतःच एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला जायची. आणि तरीही घरातले पुरुष सुपारी कातरत निवांत बसले होते. त्यांच्या निवांतपणाचं गीताबाईंना लग्नाच्या दिवसापासून नवल वाटत आलं होतं.

शेवटी गीताबाईंच्या नवऱ्यानं, सर्जेरावांनीच विषय काढला. म्हणजे काढला आणि निकालातही काढला. "सत्यमची आई इथंच ऱ्हाईल. दोन-तीन वर्षांचा तर सवाल हाय."

"अण्णा, एक मिनिट," धाकटा इंद्रजीत मोबाइल बाजूला ठेवत म्हणाला. "आई चाकणला येणार आहे आमच्याकडं. मोनिकाची तारीख पंधरा दिवसांवर आली. दुसरं बाळंतपण सासरी असतं, हे तुम्हीच म्हणालात ना? मी दिवाळीतच बोललोय."

"कुणाशी बोललास?" सत्यमनं विचारलं.

"अण्णांशी."

"मग मी गणपतीत बोललोय. अण्णांशीच."

दोघं भाऊ वडिलांकडं बघायला लागले. सर्जेरावांनी अडकित्ता खाली ठेवला. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि तो शब्द ते सढळ हातानं देत. विहिरीचं पाणी असो, शेजाऱ्याला बैलजोडी असो, जत्रेत पुढाकार असो, कुणी मागितलं की 'व्हय' म्हणून मोकळे. त्याच झपाट्यात त्यांनी बायकोही दोन ठिकाणी देऊन टाकली होती.

"दोघांनाबी व्हय म्हणलं असेल मी," ते म्हणाले. "तवा काय माहीत, एकाच टायमाला गाठ पडंल म्हणून."

"आणि आईंना विचारलं का कुणी?" हा आवाज मोनिकाचा होता. थोरल्याला माहेरी ठेवून आलेली धाकटी सून सुजलेले पाय उशीवर टाकून पलंगावर बसली होती. नवरा आपल्या बाजूनं भांडतोय हे तिला कळत होतं, तरी तिच्यानं राहवलं नाही.

सगळ्यांच्या माना गीताबाईंकडं वळल्या.

"मी कुठंच ऱ्हाणार नाय," गीताबाई म्हणाल्या. "तुजं बाळंतपण करीन मोनिका, सव्वा महिना. पण पुढं कुणाचंच पोर सांभाळायचं नाय मला. मला दुपारी झोपायचंय."

इंद्रजीत फस्सकन हसला. आई चेष्टा करतेय असं त्याला वाटलं. पण गीताबाईंनी आयुष्यात इतकी खरी गोष्ट क्वचितच सांगितली असेल. चौतीस वर्षं त्या गावच्या अंगणवाडीत ताई होत्या. पोरांची वजनं करायची, खिचडी वाटायची, डोस पाजायला घरोघर फिरायचं, लोकांच्या पोरांची नाकं पुसायची, आणि संध्याकाळी रजिस्टरं भरत बसायचं. गेल्या श्रावणात शाल-नारळ देऊन त्यांना निरोप दिला, आणि दुपार नावाची एक गोष्ट असते हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं. दार लोटायचं, पंखा लावायचा, सतरंजीवर आडवं व्हायचं. कुणी 'ताई' म्हणून हाक मारत नाही. त्या दुपारच्या झोपेपुढं त्यांना आता स्वर्गही नको होता.

"आई, तू नाही म्हणालीस तर करायचं काय?" सत्यमचा आवाज चढला. "उद्या सोमवार आहे!"

"मला सोमवार कळतो."

"मी चार दिवस झाले सांगतेय," प्रेरणा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिच्या खांद्यावर श्रेया पेंगत होती. "समोरच्या रो-हाऊसमधल्या साळूबाई. कारखान्यात आमच्या लाइनवरच्या दोघींची मुलं त्यांच्याकडंच असतात. पाच पोरं आहेत, सहावी आपली. घरातून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ."

"तो विषय संपलाय, प्रेरणा," सत्यम म्हणाला.

"का पण, दादा?" इंद्रजीत लगेच पुढं सरसावला. "चांगल्या बाई वाटल्या मला. सकाळी गाडी लावताना बोललो त्यांच्याशी. एकदम प्रेमळ."

आता आई चाकणला न्यायची तर श्रेयाची सोय इथंच लागायला हवी, हा हिशेब त्याच्या कपाळावर लिहिला होता. प्रेरणालाही तो दिसत होता. पण बुडत्याला काडी पुरते, तिनं त्याच्याकडं कृतज्ञतेनं पाहिलं.

"तुला काय जातंय बोलायला?" सत्यम म्हणाला. "तुझी पोरगी थोडीच आहे. मी जाऊन आलोय त्यांच्या घरी. बाई वाईट नाहीत, मी तसं म्हणतच नाही. पण वातावरण वेगळं आहे."

"कसलं वातावरण?" मोनिकानं विचारलं.

"अगं, वातावरण म्हणजे... संस्कार, खाणंपिणं. पोरगी लहान आहे, तिला तेच वळण लागणार."

"कोणत्या लोकातली हाय ती?" सर्जेरावांनी सरळच विचारलं. ते वातावरण वगैरे म्हणत बसणारे नव्हते.

वरून विमान गेलं, खिडकीच्या काचा थरथरल्या.

"घरात बुद्धाची तसबीर आहे," प्रेरणा म्हणाली. "बाबासाहेबांची आहे. मग?"

"मग काय मग? आपल्या घरात पयल्यापासून जे हाय ते हाय. बोलायचालायला मी कदी भेद केला नाय, पण पोरीनं तिथं खायचं-प्यायचं म्हणजे..." सर्जेरावांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि वाक्य तिथंच सोडून दिलं.

गीताबाई खाली मान घालून बसून राहिल्या. परवाच प्रेरणा त्यांना साळूबाईंकडं घेऊन गेली होती. चौतीस वर्षांच्या नजरेनं त्यांनी ते घर तपासलं होतं. पाचही पोरांची नखं कापलेली. पाण्याच्या पिंपावर झाकण. सर्दी झालेल्या पोराची चटई इतरांपासून वेगळी टाकलेली. एक पोरगी झोपेत दचकली तेव्हा साळूबाईंनी तिला उचलली नाही, नुसता पाठीवर हात ठेवला, आणि पोरगी पुन्हा झोपली. ते पाहिलं आणि गीताबाईंना उमगलं की ही बाई पोरं जाणते. सुपरवायझर असत्या तर त्यांनी साळूबाईंना पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

पण घरी येऊन त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. साळूबाईंच्या उंबऱ्यावर त्यांना दुसरंच घर आठवलं होतं. लासूर स्टेशनजवळच्या त्यांच्या गावात समाजमंदिराच्या मागं असलेलं, शेणानं सारवलेलं, दारात शेळ्या बांधलेलं आवडाबाईचं घर.

सत्यम असाच सात महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. अंगणवाडीची नोकरी नवी. सासू अंथरुणाला खिळलेली. स्वतःचं पोर काखेला मारून कामावर दिसायचं नाही, असं वरच्या बाईंनी बजावलेलं. सर्जेराव मार्केट यार्डात मापाड्याचं काम करायचे, सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. घरी सगळ्यांना वाटायचं, पोर आईसोबत अंगणवाडीत असतं. अंगणवाडी समाजमंदिरात भरायची. पोर तिच्यामागच्या घरात, आवडाबाईच्या मांडीवर असायचं. एक-दोन दिवस नव्हे, तीन वर्षं. गावात कुणाला कळलं नाही, कारण आपल्या आळीचं माणूस त्या बाजूला कशाला जातंय?

नोकरी टिकली ती त्या बाईमुळं. आणि गीताबाईंनी हे चौतीस वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. आधी भीती होती. मग सवय झाली. पुढं पुढं तर सांगायचं राहून गेलं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. ती समजूत परवापासून त्यांना आतून कुरतडत होती.

"बरं, मग पोरगी गावाकडं न्या," इंद्रजीत म्हणाला.

"म्हणजे पुन्हा आईच आली की तिथं," सत्यम म्हणाला. "तिला तर झोपायचंय."

"दादा, टोमणे नको मारू तिला."

"आत्ता कळवळा आला तुला? मघाशी तूच न्यायला निघाला होतास ना चाकणला?"

मघापर्यंत आई कुणाची यावर भांडणारे भाऊ आता आई कुणालाच मिळत नाही म्हणून एकमेकांवर घसरले. मोनिका मधे पडली, तर इंद्रजीत तिच्यावर खेकसला. सर्जेराव "अरे गप, अरे गप," करत राहिले. आवाजानं श्रेया जागी झाली आणि तिनं भोकाड पसरलं.

"सोडते मी नोकरी," प्रेरणा म्हणाली.

ती ओरडली नाही. पोरीला थोपटत, रोजचं काहीतरी सांगावं तशी म्हणाली. "उद्या सरांना फोन करून सांगते. थांबवा आता भांडण."

आणि गीताबाईंनी जे पाहिलं ते त्यांना विसरता येणार नव्हतं. खोलीतल्या प्रत्येक पुरुषाचे खांदे खाली आले. सत्यम मागं टेकला. इंद्रजीतनं मोबाइल पुन्हा उचलला. सर्जेराव तर म्हणालेही, "वर्ष-दोन वर्षांनी लागंल की दुसरीकडं. हुशार हाय पोरगी." सहा वर्षं लाइनवर उभं राहून प्रेरणानं ती जागा मिळवली होती, आणि तिचा निकाल लागायला सुपारी चघळण्याइतकाही वेळ लागला नव्हता. गीताबाईंना राग आला. आधी त्यांचा, मग स्वतःचा.

"काय नाय सोडायची नोकरी," त्या म्हणाल्या. "सत्यम, बस खाली. अवो, तुमीबी ऐका. तू सात महिन्याचा होतास ना, तवा माझ्यासंगं अंगणवाडीत नव्हतास. समाजमंदिराच्या मागं आवडाबाईचं घर होतं. तिथं असायचास. सकाळपासून चार वाजेपर्यंत. साडेतीन वर्षांचा होईपर्यंत."

"कोणती आवडाबाई?" सर्जेरावांनी विचारलं. "त्या वाड्यातली?"

"व्हय. बौद्धवाड्यातली."

"चौतीस वर्षं लपवलंस तू माझ्यापासून?"

"लपवलं. पण तुमीबी कधी विचारलं नाय. पोरगं दिवसभर कुठं असतं, काय करतं, एक दिवस विचारलं नाय. विचारलं असतं तर मी खोटं बोलले नसते. सांगितलं असतं, अन् दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून घरी बसले असते. आत्ता ही बसायला निघाली ना, तशीच."

सर्जेरावांनी अडकित्ता उचलला, सुपारी सापडेना म्हणून पुन्हा ठेवला.

"अन् खायला?" त्यांनी विचारलं.

"तिच्याच हातानं खाल्लं त्यानं," गीताबाई म्हणाल्या आणि तेवढंच बोलून थांबल्या.

सत्यम त्यांच्याकडं टक लावून बघत होता. "मला काहीच आठवत नाही," तो म्हणाला. "आई, काहीच नाही."

"कसं आठवंल? तिथून काढला, शाळेत घातला, अन् परत त्या बाजूला जाऊ दिला नाय मी तुला. ती मात्र विचारायची. भेटली की पयला सवाल, माझा सत्यम कसा हाय? तुला नोकरी लागली तवा साखर वाटली तिनं तिच्या वाड्यात."

"कुठं असते ती आता?"

"गेली. चार वर्षं झाली. मी तुला फोन केला होता त्या दिवशी. म्हणलं, सत्यम, आवडाबाई गेली रे. तू कामात होतास. 'कोण आवडाबाई?' म्हणालास. अन् मी म्हणलं, हाय एक गावातली, अन् ठिवून दिला फोन. तुजी चूक नाय त्यात. नावच सांगितलं नव्हतं मी तुला."

सत्यम उठला. कुणाकडं न बघता त्यानं चपला सरकवल्या आणि जिना उतरून गेला. प्रेरणा गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिनं आत वळून फक्त मान हलवली. तो साळूबाईंच्या फाटकाशी गेला होता.

तो वीस मिनिटांनी परत आला तोवर घरात कुणी धड बसलं नव्हतं. मोनिका पलंगावरून उठून गीताबाईंच्या शेजारी येऊन बसली होती. इंद्रजीत उगाच खरकटी ताटं उचलून बेसिनमध्ये नेऊन ठेवत होता, हे त्यानं आपल्या लग्नानंतर पहिल्यांदाच केलं असावं. सर्जेराव भिंतीकडं बघत होते.

"उद्या आठला आणा म्हणाल्या," सत्यम दारातूनच म्हणाला. त्याचा चेहरा ओढलेला होता, पण आवाज मऊ होता. "पहिले दोन दिवस तू दुपारी जेवणाच्या सुट्टीत येऊन जा म्हणाल्या, म्हणजे पोरगी घाबरणार नाही."

प्रेरणा मटकन खाली बसली. श्रेयाच्या टकलावर तोंड टेकवून ती रडायला लागली. तिला आता कुणाची लाज उरली नव्हती.

"आणि एक विचारत होत्या," सत्यम म्हणाला. "खाणं आणि वाटी-चमचा घरून देणार का म्हणून. बरेच जण घरून देतात म्हणे. त्यांना त्याचं काही वाटत नाही. फक्त वाटीवर नाव घालून आणा म्हणाल्या, बदलायला नको."

"मग तर प्रश्नच मिटला!" सर्जेराव खुर्चीत सरळ झाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "वाटी आपली, खाणं आपलं. बाई नुसती सांभाळणार. हे आधी सांगायचं ना, एवढं रामायण कशाला झालं असतं?"

"हो, ते बरं पडेल," सत्यमही म्हणाला. इंद्रजीतनं मान डोलावली. प्रेरणा डोळे पुसत उठली, मांडणीतून जावळाला आलेली नवी स्टीलची वाटी काढून तिनं उजेडात धरून पाहिली. सगळं जुळून आलं होतं. कुणाला काही सोडावं लागलं नव्हतं. गीताबाई गप्प राहिल्या असत्या तर त्या दुपारी घरात आनंदीआनंद झाला असता, आणि त्या संध्याकाळच्या गाडीनं सुखानं गावी गेल्या असत्या.

"वाटी देऊ नको, प्रेरणा," त्या म्हणाल्या.

"अगं, त्याच म्हणाल्या ना, चालतं म्हणून," सत्यम म्हणाला.

"आवडाबाईबी तेच म्हणाली होती." मोनिकानं त्यांचा हात धरला. "मघाशी अर्धंच सांगितलं मी. वाटी मी घरून न्यायचे. दूध-भाकर घरून न्यायचे. तुमच्यातलं काही घालू नका माझ्या पोराला, असं पयल्याच दिवशी सांगितलं होतं तिला. तोंडावर. ती व्हय म्हणाली. रोज चार वाजता वाटी घासून, पुसून, पदराखाली झाकून आणून द्यायची."

"आई, जाऊ दे आता," सत्यम हळूच म्हणाला.

"नाय. ऐक. तू रांगायला लागला होतास. एक दिवस मी लवकर आले. ती जेवायला बसली होती, कोरड्यास-भाकर होती ताटात. तू रांगत गेलास अन् तिच्या ताटात हात घातलास. तिनं ताट उचललं अन् वर फळीवर ठिवलं. तू रडायला लागलास. तुला उरापाशी धरून तीबी रडत होती, पण घास दिला नाय तिनं. मी दारात उभी होते. एक शब्द बोलले असते, भरव की आवडाबाई, एवढंच, तर झालं असतं. नाय बोलले. त्या दिवसापासून ती तुझ्यासमोर कधी जेवली नाय. तू झोपल्यावर जेवायची. अन् तू कुठं लवकर झोपायचास? तीन-तीन वाजायचे."

प्रेरणानं हातातली वाटी मांडणीत परत ठेवली, आणि उद्याच्या पिशवीत श्रेयाची दुपटी भरायला घेतली.